हजार मीटरच्या खाली

हजार मीटरच्या वर गेलं की कुणी कुणाला 'अहो' म्हणायचं नाही, हा आमच्या डोंगरांतला कायदा आहे. तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही, म्हणूनच बहुधा सगळे तो पाळतात. खाली दरीत तुम्ही न्यायाधीश असाल, दंतवैद्य असाल, नाहीतर बिशप असाल, वर पायवाटेवर समोरून येणारा गुराखी "काय रे, दमलास का?" असंच विचारणार, आणि तुम्हीही "दमलो रे बाबा" म्हणून त्याला वाट द्यायची. खाली उतरलं की पुन्हा ज्याची टोपी त्याच्या डोक्यावर. निवृत्त पोस्टमास्तर रुपर्ट श्टेगर यांना साठी उलटल्यावर या कायद्याचा आधार घ्यावा लागला, तो व्याह्यांमुळे. (त्यांना आपण नुसतं रुपर्ट म्हणू. गोष्ट डोंगराची आहे.)

झालं होतं असं, की रुपर्टच्या लेनीचं लग्न लाइटगेबांच्या क्लेमेन्सशी ठरलं होतं, आणि थोरले लाइटगेब होते होफ्राट. होफ्राट म्हणजे दरबारी सल्लागार. आमच्या ऑस्ट्रियात सम्राट जाऊन शंभर वर्षं उलटली, दरबार उठला, मुकुट काचेच्या पेटीत जाऊन बसला, पण सल्लागार मात्र अजूनही नेमले जातात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. एबरहार्ड लाइटगेब प्रांत सरकारच्या मत्स्य खात्यात होते. त्यांच्या सहीवाचून आपल्या नद्यांतला एकही मासा कायदेशीररीत्या मेलेला नाही, असं लोक म्हणत.

माणूस उंच, सडपातळ आणि अतिशय सभ्य. त्या सभ्यपणानेच सगळी पंचाईत केली होती. वर्षभर दोन्ही घरं आलटून पालटून एकमेकांकडे कॉफीला जात होती, आणि वर्षभर होफ्राट म्हणत होते, "पोस्टमास्तर, आपण केक घ्यावा," आणि रुपर्ट म्हणत होता, "छे छे, होफ्राट साहेब, आधी आपण." मधल्या मधे केक सुकत होता.

बायकांचं तसं नव्हतं. रुपर्टची ट्राउडी आणि होफ्राटबाई रोझविटा या पहिल्याच भेटीत, दुसरा कप भरायच्या आत, 'अगं-तुगं'वर आल्या होत्या. आता त्या एकमेकींना दिवसाकाठी इतके फोन करत की काही सांगायचं उरलं नाही तरी फोन चालूच असे. लेनी तर होणाऱ्या सासऱ्याच्या पाठीवर खुशाल थाप मारायची. अडकले होते ते दोन बाप.

आता 'तू' म्हणायचं निमंत्रण मोठ्याने लहानाला द्यायचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. लहानाने मागायचं नसतं. मागितलं आणि मोठ्याने दिलं नाही, तर गाव सोडून जायची वेळ. पण इथे मोठा कोण? हुद्द्याने होफ्राट मोठे, वयाने रुपर्ट मोठा. थोडासाच, पण मोठा. रुपर्टच्या मते वय काय कुणाचंही होतं, होफ्राट मात्र सगळे होत नाहीत. तेव्हा पुढचं पाऊल त्यांनी टाकायला हवं. होफ्राटांच्या मते काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण इतकं खाजगी विचारण्याएवढी त्यांची कुणाशी सलगी नव्हती.

लग्न तोंडावर आलं होतं. मेजवानीला दोन्ही बाप शेजारी शेजारी बसून 'आपण मीठ द्यावं' करत राहिले तर लोक हसणार, हे खरंच. पण रुपर्टला खुपत होतं ते वेगळंच. एकुलती एक मुलगी, आणि लग्नानंतर ती राहणार होफ्राटांच्या मोठ्या घरात, वरच्या मजल्यावर. लेकीचं तोंड बघायचं म्हणजे होफ्राटांची घंटा वाजवायची. त्या दारात आपण कोण म्हणून उभं राहायचं? घरचा माणूस म्हणून, की कोट चढवून, फुलं घेऊन, पाहुणा म्हणून? उद्या नातवंडं झाली तर त्यांनाही भेटायचं ते वेळ ठरवूनच की काय? या विचाराने तो ट्राउडीवर विनाकारण खेकसायचा.

"त्यांना डोंगरावर घेऊन जाऊ," ट्राउडी एके दिवशी इस्त्री करता करता म्हणाली.

"कुणाला?"

"होफ्राटांना. रोसआल्मला. हजाराच्या वर गेलात की तुम्हा दोघांना तू म्हणावंच लागेल. तू विचारायला नको, त्यांनी विचारायला नको. डोंगर काय तो बघून घेईल."

रोसआल्म म्हणजे आमच्या गावच्या गाई उन्हाळाभर चरतात ती वरची कुरणं. वाट ना फार सोपी, ना फार अवघड. घाम येईल पण मृत्युपत्र करून निघायला नको, अशी. रुपर्टने आधी नाक मुरडलं, मग दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी ही कल्पना आपलीच असल्यासारखी शेजाऱ्यांना सांगितली. इथे चूक झाली.

"हजार?" कुंपणापलीकडचा लोइस हुट्टर म्हणाला. लोइस गिर्यारोहण मंडळाचा जुना सभासद. अलीकडे तो मंडळाच्या बैठकीपलीकडे कुठे चढत नसे, पण मतं अजून शिखरावरचीच होती. "हजार कुणी सांगितलं तुला? आमच्या आजोबांच्या वेळी पंधराशे होतं. हल्ली कुणात दम राहिला नाही म्हणून खाली आणलंय."

"मीटरबीटर काही नाही हो," समोरच्या पिख्लरबाई खिडकीतून म्हणाल्या. "झाडं संपली की अहो संपतं. माझी आई तर एका डॉक्टरला शेवटच्या झाडापर्यंत अहो म्हणत गेली आणि झाड ओलांडून त्याच्याशी भांडली."

"आणि एक ध्यानात ठेव," लोइस आवाज खाली आणून म्हणाला, "वरचं वर. खाली आल्यावर त्याचा काही उपयोग नाही."

हे रुपर्टला कुणी शिकवायला नको होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी गावच्या नोटरीची आणि त्याची एका शिखरावर गाठ पडली होती. दोघांनी एकाच सुरीने डुकराचं खारवलेलं मांस कापून खाल्लं, एकमेकांना 'अरे तुझ्या' केलं, गाणी म्हटली. सोमवारी नोटरी पोस्टात आला, तेव्हा खिडकीमागून रुपर्टने मोठ्या प्रेमाने विचारलं, "काय रे, पाय दुखतात का?" रांगेतले सगळे वळून बघू लागले. नोटरीने चष्मा पुसला आणि म्हणाला, "एक रजिस्टर पत्र पाठवायचं आहे, पोस्टमास्तर." ते पत्र रुपर्टने स्वतः शिक्का मारून पाठवलं, पण तो शिक्का आपल्याच कपाळावर बसला असं त्याला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं.

तर हजार की पंधराशे की झाडं, हे आधी नक्की व्हायला हवं होतं. अर्धवट पत्त्याची पाकिटं ज्याने जन्मभर परत धाडली, त्याला अशा ढिसाळ सीमेवर विसंबून कसं चालेल? रोसआल्मच्या वाटेवर गाईंच्या पाण्याची एक लाकडी डोण आहे, तिच्याशेजारी '१००० मी.' अशी पाटी आहे. पण लोइसच्या म्हणण्याप्रमाणे ती पाटी तिथे सावली आहे म्हणून ठोकली होती. तेव्हा रुपर्ट थेट भूमापन कचेरीत गेला.

"हजार मीटर," तिथला कारकून पेन्सिल कानामागून काढत म्हणाला. "कुठल्या समुद्रापासून?"

"आम्ही पायी जाणार आहोत," रुपर्ट म्हणाला. "बोटीने नाही."

"तसं नव्हे. आपण आड्रियाटिकपासून मोजतो. सरहद्दीपलीकडचे जर्मन ॲमस्टरडॅमकडून मोजतात. फूटभर फरक पडतो. बरोबर कुणी जर्मन आहे का?"

"व्याही आहेत. होफ्राट."

"मग आड्रियाटिक," कारकून एकदम सरळ बसत म्हणाला. त्याने नकाशे पसरले, भिंग लावलं, आणि पाटी अगदी योग्य जागी आहे असा निर्वाळा दिला. "गंमत आहे," नकाशे गुंडाळताना तो म्हणाला, "या डोणीची चौकशी करणारे या आठवड्यात तुम्ही दुसरे." रुपर्टने ते मनावर घेतलं नाही. त्याच्या मनात आता पुढचा कार्यक्रम आखला जात होता: डोणीपाशी थांबायचं, पिशवीतून पाइनच्या बोंडांची घरगुती दारू काढायची, दोन पेले भरायचे, आणि होफ्राटांकडे सहज, काही अपेक्षा नसल्यासारखं बघायचं.

राहता राहिले बूट. रुपर्टचे डोंगरी बूट तळघरात होते. अस्सल चामड्याचे, हाती शिवलेले, आणि कित्येक वर्षांत तो डोंगरावर गेला नसला तरी दर वसंतात तो त्यांना मेण चोळत असे.

"नवीन घे," ट्राउडी म्हणाली.

"सोलचा डिंक वाळतो," लोइस म्हणाला. "वरून ठणठणीत दिसतात आणि मधेच दगा देतात."

"हे बूट," रुपर्ट ते हातात धरून म्हणाला, "मला पुरून उरतील."

शनिवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. होफ्राटांची भलीमोठी गाडी गावाबाहेरच्या कापलेल्या गवताच्या शेतात, जिथे सगळे डोंगरकरी गाड्या लावतात, तिथे येऊन उभी राहिली. आतून होफ्राट उतरले ते टोपीपासून मोज्यांपर्यंत नवेकोरे. मत्स्य खात्यात जन्म गेल्यामुळे त्यांचा डोंगराशी संबंध पाणी खाली येण्यापुरताच होता, पण तयारी दांडगी होती. पाठीवर प्रथमोपचाराची अशी पेटी, की तिच्यात एका लहानशा लढाईची सोय झाली असती.

बायका पुढे निघाल्या आणि वळणापलीकडे त्यांचं हसू तेवढं ऐकू येत राहिलं. मागे दोन बाप. पाइनच्या रानातून चढ सुरू झाला. हजाराच्या खाली 'आपण' म्हणायला हरकत नव्हती, पण थोड्याच वेळात ते निकालात निघणार हे दोघांनाही माहीत असल्यामुळे तेही तोंडातून निघेना. मग उरली ती हवा.

"इथे जरा चिखल आहे," होफ्राट म्हणाले.

"चिखल आहे खरा," रुपर्ट म्हणाला.

"काल पाऊस झाला असावा."

"झाला असावा."

अशा मनमोकळ्या गप्पा करत ते डोणीपाशी पोहोचले. पाटी होती. सावलीही होती. रुपर्टच्या छातीत धडधडायला लागलं. चढाने, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्याने पिशवीत हात घातला. होफ्राटही थांबले होते. त्यांनी टोपी काढली, घसा खाकरला.

"पोस्टमास्तर..."

"होफ्राट साहेब..."

दोघं एकदमच बोलले आणि एकदमच थांबले.

"क्षमा असावी. आधी आपण," होफ्राट म्हणाले.

"छे, छे. आपण काहीतरी म्हणत होतात."

"तसं काही नाही. आपण बोलावं."

वरून एक जोडपं उतरत होतं. हजाराच्या वर उभ्या असलेल्या दोन शहाण्या माणसांचं हे 'आपण-आपण' ऐकून त्यांची पावलं अडखळली. वळणापलीकडे त्यांना बायका भेटल्या असाव्यात, कारण तिथून स्पष्ट ऐकू आलं, "खाली दोघंजण आहेत. त्यांचं काही भांडण झालंय का गं?" आणि मग ट्राउडीचा आवाज, "नाही, नाही. आमचेच आहेत ते."

रुपर्टचे कान लाल झाले. आता काय व्हायचं ते होऊ दे, म्हणून त्याने बाटली बाहेर काढून एक पाऊल पुढे टाकलं. पाऊल पुढे गेलं. होफ्राटांची नजर मात्र मागे, चिखलात खिळली होती.

"माफ करा," ते अत्यंत हळुवारपणे म्हणाले, "पण आपल्या बुटाचा सोल इथे राहिला आहे."

रुपर्टने वळून पाहिलं. सोल चिखलात उताणा पडला होता. चामडं अस्सल होतं, शिवण हातची होती, मेणही उत्तम लागलं होतं. तळ तेवढा नव्हता. तो खाली वाकला, तर दुसऱ्या बुटाने टाचेकडून जीभ बाहेर काढली.

अशा वेळी माणसाने हसावं. पण पोस्टाची खिडकी जन्मभर सांभाळलेल्या माणसाला ते जमत नाही. "होतं असं," तो म्हणाला. "मुद्दाम सैल ठेवले होते."

होफ्राटांनी पेटी उघडली. मग त्यांनी आपला नवाकोरा गुडघा चिखलात टेकवला, रुपर्टचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि दोन्ही बूट घोट्यापर्यंत बँडेजने गुंडाळून टाकले. "जरा पाय वर घ्यावा," ते म्हणत होते. "फार आवळलं का? आपल्याला त्रास तर होत नाही ना?" साल्झबुर्ग प्रांताचा होफ्राट आपल्यापुढे चिखलात गुडघा टेकून बसलाय आणि तरीही आपल्याला 'आपण' म्हणतोय, हे पाहून रुपर्टला रडावं की पळावं ते कळेना. पळणं शक्य नव्हतं. बाटली त्याने परत पिशवीत टाकली.

झाडं संपली आणि एकदम मोकळं झालं. रोसआल्मवर जुलैत एवढी फुलं असतात की पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडतो. बँडेजवाल्याला तर विशेषच. वारा गार होता, समोर कड्यांवर अजून थोडं बर्फ चिकटलेलं होतं, आणि सगळीकडून गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. होफ्राट थांबले, त्यांनी नवी टोपी काढली आणि नुसतेच बघत राहिले. आणि या माणसाला हे खरोखर आवडलंय, हे बघून रुपर्टला उगाचच आपण हे सगळं त्याच्यासाठी मांडून ठेवल्यासारखं वाटलं.

गाईंनाही रुपर्ट आवडला. गाईंना मिठाचं वेड, आणि बँडेजमध्ये आता बराच घाम मुरला होता. एक तपकिरी गाय येऊन त्याचा उजवा पाय चाटू लागली. दुसरी आली, तिने डावा घेतला. "हुश, हुश," असं रुपर्ट खिडकीवरच्या गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात म्हणाला. तपकिरी गाईने बँडेजचं टोक दातांत धरलं आणि शांतपणे चालू लागली. होफ्राट तिच्यामागे दुसरं टोक धरून "बाई, कृपा करून... अहो बाई..." करत धावले. गाईलाही ते अहोच म्हणत होते.

गवळीवाड्याच्या दारात फ्रोनी कमरेवर हात ठेवून हा तमाशा बघत होती. फ्रोनी उन्हाळाभर इथे वर राहून दूध काढते, चीज करते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खायला घालते. तिने दोघांकडे पाहिलं. एकाच्या गुडघ्यावर चिखल, दुसरा तळ सुटलेल्या बुटांतून मोज्यांवर.

"काय रे, तुम्हाला घरच्यांनी हाकललं का?" ती म्हणाली.

"हे होफ्राट लाइटगेब आहेत," रुपर्ट घाईघाईने म्हणाला.

"असतील. ए होफ्राट, आत ये, डोकं सांभाळ, चौकट खाली आहे." होफ्राटांनी डोकं सांभाळलं नाही. फ्रोनीने त्यांच्या कपाळावर लोण्याचा थंड गोळा दाबून धरला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मत्स्य खात्याच्या निरोप समारंभातही कुणी पाहिलं नसेल.

बायका आत बसून ताक पीत होत्या. चीजचे गोळे घातलेलं सूप आलं. रुपर्ट म्हणाला, "होफ्राट साहेब, आधी आपण." फ्रोनीने वाडगं उचलून परत नेलं.

"हे काय?" रुपर्ट म्हणाला.

"इथे वर आपण-बिपण चालत नाही. ज्याला अहो हवंय त्याने खाली जाऊन जेवावं. तुझं नाव काय?"

"रुपर्ट."

"आणि तुझं?"

"एबरहार्ड," होफ्राट कपाळावरचं लोणी पुसत म्हणाले.

"मग म्हणा की. सूप गार होतंय."

बाटली निघाली. दोघांनी उभं राहून, कोपरात कोपर अडकवून पेला रिकामा केला. "रुपर्ट." "एबरहार्ड." बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला 'तू' घशात अडकला, दुसरा सूपबरोबर गेला, आणि तिसऱ्या पेल्यानंतर रुपर्टला आठवेना की हा माणूस आपल्याला कधी परका होता.

"एक सांगू का तुला?" एबरहार्ड म्हणाला. "मी भूमापन कचेरीत जाऊन आलो. त्या डोणीची उंची विचारायला."

"तू?"

"हो ना. तो कारकून मला विचारतो, कुठल्या समुद्रापासून!"

रुपर्टने मेजावर अशी मूठ आपटली की ताक उडालं. दोघं इतके हसले की फ्रोनी गोठ्यातून बघायला आली. मग कळलं की एबरहार्डलाही लग्नातल्या भाषणाची धास्ती आहे, लेनीसमोर आपण फार कोरडे वाटतो असं त्याला वाटतं, आणि निवृत्त झाल्यापासून त्यालाही दुपारचं काय करावं ते सुचत नाही. बाहेर गडगडलं, पाऊस छपरावर आदळू लागला, आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. रुपर्टच्या मनात आलं, आता लेनी त्या घरात गेली तरी चालेल. त्याला खरंच फार बरं वाटलं.

पाऊस थांबल्यावर निघाले. रुपर्टच्या पायात आता फ्रोनीचे गोठ्यातले रबरी बूट होते, एक माप मोठे आणि वासाला चार मापं मोठे. गाणं म्हणत दोघं कुरणं उतरले, बायकांच्या मागोमाग रानात शिरले. आणि जसजशी डोण जवळ येऊ लागली, तसतसं रुपर्टचं गाणं हळू होत गेलं. एबरहार्डचंही. डोणीपाशी ते थांबलंच.

रुपर्टला नोटरी आठवला. चष्मा पुसणारा. हा काही तसा नाही, एक मन म्हणत होतं. नोटरीही वर तसा नव्हता, दुसरं म्हणत होतं. खाली गेल्यावर हा 'पोस्टमास्तर' म्हणाला तर? बायकांच्या देखत? त्यापेक्षा आपणच आधी मागे सरलेलं बरं. निदान आब राहील. पाटी मागे पडली. पुढे एक निसरडं मूळ होतं.

"सांभाळून," रुपर्ट म्हणाला, आणि मग घाईने जोडलं, "होफ्राट साहेब."

पुढे चाललेली पाठ क्षणभर थांबली. मग ती सरळ झाली.

"आभारी आहे, पोस्टमास्तर," होफ्राट म्हणाले.

पुढच्या वाटेत चिखलाविषयीही कुणी काही बोललं नाही. आब अगदी पूर्ण राहिला होता, आणि रुपर्टला तो कुठेतरी दरीत फेकून द्यावासा वाटत होता.

खाली शेताचं तळं झालं होतं. बाकीच्या गाड्या पावसाआधीच निघून गेल्या होत्या. होफ्राटांची गाडी एकटीच मधोमध उभी होती, चाकं निम्मी चिखलात. रोझविटाने चावी फिरवली, चाकं गरागरा फिरली, आणि गाडी आणखी वीतभर खाली बसली. होफ्राट कोट काढून, घडी घालून मागच्या सीटवर ठेवत होते, तेवढ्यात ट्राउडीने रुपर्टला बाहीला धरून बाजूला ओढलं.

"तू त्यांना होफ्राट साहेब म्हणालास. मी ऐकलं."

"हजाराच्या खाली आलो होतो आपण."

"त्यांचा चेहरा बघितलास?"

"ते मोठे आहेत. त्यांनी पुढे व्हायला हवं."

"वयाने तू मोठा आहेस, रुपर्ट! तो माणूस वर्षभर तुझी वाट बघतोय. रोझविटा मला रोज सांगते. हुद्दा माझा मोठा, मी विचारलं तर उपकार केल्यासारखं दिसेल, म्हणतो. आणि तू आहेस की त्याला तोंडावर साहेब म्हणतोस." ती डोळे पुसत होती, रागाने की कशाने, ते सांगता येत नव्हतं. "लेक त्यांच्या घरात चाललीये. तिथे काय पोस्टमास्तर म्हणून जाणार आहेस? रजिस्टर पत्र घेऊन?"

"तुला ठाऊक होतं तर वर्षभर सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही दोघं मोठी माणसं आहात!"

ती जाऊन गाडीत बसली आणि दार आपटलं. रुपर्ट तिथेच उभा राहिला. वर्षभर तो त्या माणसाला गर्विष्ठ समजत होता, आणि तो माणूस वर्षभर आपल्यासमोर टोपी काढून उभा होता. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की चिखल बुटात शिरतोय तेही कळलं नाही.

"पोस्टमास्तर," होफ्राट बाह्या दुमडून मागे येत म्हणाले, "दोघांनी जोर लावला तर निघेल असं वाटतं. आपली हरकत नसेल तर."

दोघांनी गाडीला खांदे लावले. रोझविटाने इंजिन चालू केलं. चिखलाचा पहिला फवारा होफ्राटांच्या सदऱ्यावर बसला, दुसरा रुपर्टच्या तोंडावर. गाडी हलली, आणि परत जागेवर आली. आत्ता नाही तर कधीच नाही, असं रुपर्टला वाटलं. त्याने तोंडातला चिखल थुंकला.

"होफ्राट साहेब," तो डिकीला खांदा लावूनच म्हणाला, "मला काही सांगायचं आहे. मी वयाने मोठा आहे. तेव्हा हा मान खरं म्हणजे माझा होता, आणि मी तो वर्षभर... म्हणजे मला असं वाटत होतं की आपण... तर आज या ठिकाणी, कुठल्याही उंचीचा विचार न करता, मी आपल्याला रीतसर..."

"रुपर्ट," शेजारून धापा टाकणारा आवाज आला.

"काय?"

"भाषण लग्नात कर रे. आत्ता ढकल."

रुपर्टने पाय रोवले आणि ढकललं.